अर्धा सूर

टेप भट्टीतून निघाली तेव्हा बाबा भलतेच खुशीत होते. भट्टी म्हणजे विटांची नव्हे. कपाटाएवढी एक उबदार पेटी, जुन्या टेपांना आलेला चिकटा मंद आचेवर सुकवणारी. पण तिचं नाव ऐकल्यापासून काकूने रोज फोन करून "काय, तुमची टेप शेकून झाली का?" असं विचारायचा सपाटा लावला होता, आणि बाबांना त्याचंसुद्धा हसू येत होतं. आजोबा गेल्यापासून ज्या माणसाने घरात कुणाला आपल्यावर हसू दिलं नव्हतं, त्याचं हे नवं रूप पाहून आई जरा घाबरलीच होती.

खुशीचं कारण उघड होतं. 'लोखंडी पूल' पुन्हा बाजारात येणार होता. बाबा ड्रमवर, धाकटे भाऊ म्हणजे काका गायला, आणि आता हयात नसलेला लंबू गिटारवर. तिघांनी भर तारुण्यात केलेली ही रेकॉर्ड त्या पिढीच्या रॉकवेड्यांना अजून तोंडपाठ होती. कंपनीला ती घासूनपुसून नव्या आवाजात हवी होती, आणि काम आलं होतं बाबांच्या मुलीकडे. लहानपणी स्टेजमागे दातांत वायर धरून इकडून तिकडे पळणाऱ्या या मुलीला काकाने मुंगी म्हटलं, ते नाव आता तिच्या स्वतःच्या स्टुडिओतही तिची पाठ सोडत नव्हतं. नाक बापाचं आणि कान काकाचा, असं तिच्याबद्दल घरात सगळे म्हणत. काका तर छातीवर हात मारून सांगायचा, "ही दादाच्या घरी चुकून जन्मली. आहे माझीच."

रेकॉर्डच्या समारंभात काका गाणार होता, हे त्याहून मोठं नवल. त्याला तयार करायला सगळं घर कामाला लागलं होतं. आज दुपारी तो तालमीला यायचा होता. बाबा आणि आई मात्र सकाळीच येऊन बसले होते. मुलीच्या स्टुडिओत सोफ्यावर बसून "बास जरा कमी कर" असं सांगण्याचं सुख बाबांना सोडवत नव्हतं.

"बाबा, एक ऐका," मुंगी म्हणाली. कालपासून ते तिच्या मनात घोळत होतं.

तिने 'लोखंडी पूल' हे गाणं लावलं, पण सुरू होण्याआधीच थांबवलं. पुन्हा मागे घेऊन पुन्हा थांबवलं. गाणं नव्हतंच, नुसती बारीक घरघर होती.

"लंबूचा ॲम्प्लिफायर," बाबा लगेच म्हणाले. "तो डबा कायम घरघरायचा. काढून टाक."

"काढीन. पण ती घरघर चुकीच्या सुरात आहे."

"घरघरीला कसला आलाय सूर?" आईने विचारलं.

"भिंतीतल्या विजेची घरघर असते गं ही. तिचा सूर ठरलेला. माणूस बेसूर होईल, गिटार उतरेल, पण वीज उतरत नाही आणि चढतही नाही. बाकी सगळ्या गाण्यांत ती जिथे हवी तिथे आहे. फक्त या एका गाण्यात अर्धा सूर वर." तिने बाबांकडे पाहिलं. "म्हणजे गाणं गाऊन झाल्यावर कुणीतरी टेप जोरात पळवली. टेप पळवली की सगळंच चढतं. घरघर चढते, गिटार चढते, आणि गाणाऱ्याचा गळाही चढतो."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"गाणं झोपत होतं," ते म्हणाले. "जरा मोटर पुढे ओढली. तेव्हा सगळेच करायचे."

"काकाला माहीत आहे?"

बाबांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

मुंगीला उत्तर कळलं. काकाच्या आवाजाची कथा या घरात सगळ्यांना पाठ होती. रेकॉर्ड गाजली, कार्यक्रम लागले, आणि प्रत्येक कार्यक्रमात 'मी पुलावर उभा आहे' या ओळीशी काकाचा आवाज फाटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. रेकॉर्डवरचा वाघ, असं कुणीतरी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मग सुरू झाले उपाय. थंड पाणी बंद, पहाटे रियाज, गरम पाण्याच्या गुळण्या, कधी न ओढलेल्या सिगारेटी सोडल्याबद्दल शाबासकी आणि पुन्हा सुरू केल्याचा संशय. घशाच्या डॉक्टरांकडे खेटे. शेवटी एका कार्यक्रमात अर्ध्यातून तो स्टेजवरून उतरला, तो पुन्हा चढला नाही. त्याने गाडी शिकवायची शाळा काढली. शिकायला येणाऱ्यांना तो गाडीत रेडिओ लावू देत नसे, कारण कधी ना कधी 'लोखंडी पूल' लागायचंच. लग्नाकार्यात पाहुणे त्याला गा म्हणायचे, तेव्हा तो स्वतःच हसून सांगायचा, "आवाज रेकॉर्डवर विसरलो हो."

आणि हा गळा चांगला होता. कधी बिघडलाच नव्हता.

नव्या पुस्तिकेसाठी निवडलेले फोटो टेबलावर पसरले होते. मुंगीने त्यातला एक उचलला. लंबूच्या गिटारच्या मानेवर एक क्लिप चिमटून बसवलेली दिसत होती.

"ही याच गाण्याला लावायचा ना तो? सूर चढवायला?"

"लोकांना रेकॉर्डसारखंच हवं होतं."

"आणि काकाने विचारलं नाही, क्लिप कशाला म्हणून?"

"त्याला कुठे सुरांची नावं कळतात. तो कानाने गायचा. मी म्हटलं, क्लिपने गिटार खुलते." एवढं बोलून बाबा थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच आता ऐकू आलं असावं. मान खाली घालून ते म्हणाले, "पहिल्या कार्यक्रमानंतर सांगायचं होतं गं. मग दुसरा लागला. मग सांगायला तोंडच उरलं नाही."

"आज सांगा."

"आज? समारंभ तोंडावर आलाय, आज?"

"नको, नको," आई मध्ये पडली. "एवढ्या वर्षांनी उकरून काय मिळणार? भावजींनी कधीच सोडून दिलंय ते सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मुंगीने काय करावं? ती काही बाबांना घाबरणारी नव्हती. पण सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसलेला हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता, आणि त्याला असं पाहणं तिला सहन होईना. मग तिने शहाण्या माणसाने काढावी तशी पळवाट काढली. म्हणाली, "ठीक आहे. नाही तरी मूळ टेप आहे तशीच जपायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. लोकांना जे आवडलं ते बदलणारी मी कोण?" बोलताना ते तिला खरंच वाटलं. बोलून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पण शब्द तर देऊन बसली होती.

दुपारी काका आला तो गळ्याभोवती मफलर गुंडाळून, बगलेत थर्मास घेऊन. मागून काकू.

"बघ गं यांचं सोंग," काकू म्हणाली. "तीन महिने घरात शब्द नाही. मला काही हवं असलं की चिठ्ठी लिहितात. संसार इतका शांत कधी झाला नव्हता."

"गळा जपतोय," काका कुजबुजला आणि डोळे मिचकावले. "मुंगे, कुठे उभा राहू? आणि हे बघ, नाहीच जमलं तर त्या दिवशी मी नुसतं तोंड हलवीन, तू रेकॉर्ड लाव. लोक काय, लांबूनच बघणार."

सगळे हसले. बाबा सगळ्यांच्या नंतर हसले आणि सगळ्यांच्या आधी थांबले.

मुंगीने त्याला काचेमागच्या गायनाच्या खोलीत उभं केलं, हेडफोन दिले, माइक त्याच्या उंचीला आणला. मफलर सोडून त्याने माइकच्या दांडीवर टाकला. "दादा आहे ना बाहेर?" त्याने विचारलं. "असू दे. तो असला की धीर येतो." मुंगीने माइकचा स्क्रू गरज नसताना पुन्हा पिळला आणि बाहेर आली.

तिने टेप लावली. जुनीच, पळवलेली.

पहिलं कडवं काकाने छान नेलं. काकू सोफ्याच्या कडेला सरकून बसली. दुसऱ्या कडव्यात काकाच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मग ती ओळ आली. काकाने डोळे मिटले, टाचा उचलल्या, आणि 'उभा' या शब्दावर त्याचा आवाज मधोमध फाटला. टेपवरचा तरुण काका मात्र वरच्या वर निघून गेला.

गाणं पुढे चालू राहिलं. काका थांबला होता. त्याने हेडफोन मानेवर उतरवले आणि काचेतून सगळ्यांकडे बघत हात जोडले. माइकमधून त्याचा आवाज खोलीभर आला, "माफ करा बुवा. दादा, तुझ्या एवढ्या चांगल्या गाण्याची मी तेव्हाही वाट लावली आणि आताही."

बाबांना काहीतरी बोलणं भाग होतं. ते पुढे वाकले, बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाले, "सराव कमी पडला, दुसरं काय."

आईने झटकन वळून नवऱ्याकडे पाहिलं. मुंगीला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नियम कुठला अन् काय कुठलं? ती गती नॉब फिरवून बदलता येत होती, नॉब तिच्या हाताखाली होता, आणि तिने या माणसाला मुद्दाम त्या ओळीवर नेऊन आपटलं होतं.

"काका, अजून एकदा," ती म्हणाली.

"नको गं. लाज किती काढून घ्यायची माणसाने?"

"माझ्यासाठी. एकदाच."

तिने टेप मागे घेतली आणि गतीच्या नॉबवर बोटं ठेवली. बाबांचा हात सोफ्यावरून उठला. "मुंगी," ते हळूच म्हणाले. ते हुकूम म्हणून म्हणाले की विनवणी म्हणून, ते तिला कळलं नाही. तिने नॉब फिरवला. समोरच्या पडद्यावर विजेच्या घरघरीची रेघ खाली येत येत आपल्या जागी बसली.

गाणं सुरू झालं. काकाच्या कपाळावर आठी पडली. त्याने हेडफोन दाबून धरले, ऐकलं, गायला सुरुवात करायची जागा चुकवली आणि मग दुसऱ्या ओळीपासून शिरला. या वेळी मानेच्या शिरा दिसल्या नाहीत. टाचा जमिनीवरच राहिल्या. ती ओळ आली आणि काकाने 'उभा' म्हटलं. नुसतं म्हटलं, जसं रोज म्हणत असावा. आवाज म्हातारा होता, कडेने खरखरीत झालेला, पण टेपवरच्या तरुण आवाजाला लागून तो उभा राहिला आणि दम संपेपर्यंत हलला नाही.

काकूने पदराने तोंड दाबून घेतलं.

काका काचेमागून बाहेर आला तो लहान मुलासारखा. "मुंगे, काय केलंस? हे काय होतं?"

"खरी गती लावली, काका. तू जशी गायली होतीस... गायला होतास, तशी." तिची जीभही धड चालेना. तिने घरघरीचं सगळं पुन्हा सांगितलं, विजेचं, अर्ध्या सुराचं. फक्त एक गोष्ट गाळली.

"म्हणजे रेकॉर्ड चुकीची आहे? मी नाही?" काका एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. "ऐकलंस का गं? मी नाही! म्हणजे त्या वेळी मशीनच बिघडलं होतं तर. मोटर पळत होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. दादा, अरे, आपण दोघंही गाढव!"

सुटकेचं दार आपोआप उघडलं होतं. त्यातून कुणालाही बाहेर पडता आलं असतं. मुंगीने खाली पाहिलं. बाबांनी घसा साफ केला.

"हो," बाबा म्हणाले. "ते मशीन जुनंच होतं. त्याचा काही भरवसा—"

"मशीन बिघडलं नव्हतं, भावजी," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. सकाळी झाकल्या मुठीचं कौतुक करणारी हीच बाई आता नवऱ्याकडे रोखून बघत होती. "तुम्ही सांगता, की मी सांगू? आणि सराव कमी पडला म्हणालात ना मघाशी, तेही सांगा."

बाबांनी सांगितलं. फार वेळ लागला नाही. एवढी वर्षं पोटात धरून ठेवलेली गोष्ट चार वाक्यांत संपली, आणि चारही वाक्यं ते गालिच्याकडे बघून बोलले.

काका ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसला.

"घशाच्या डॉक्टरकडे तू आला होतास ना माझ्याबरोबर?"

"हो."

"त्याने नळी घातली होती घशात. मला गुदमरायला झालं. तू माझा हात धरला होतास."

"हो."

"बाहेर आल्यावर मला म्हणालास, देव करो आणि काही वाईट न निघो."

बाबांनी पुन्हा चष्मा काढला.

"दादा," आता काकू बोलली, आणि तिचा आवाज मात्र चांगला चढला, "मी यांना घरात गुणगुणू देत नव्हते! अंघोळीला गेले की मी दार वाजवायचे, गप्प बसा म्हणून. मला वाटायचं, गातील, जमणार नाही, मग दिवसभर तोंड पाडून बसतील. त्यापेक्षा नकोच. तुमच्यामुळे मी माझ्या नवऱ्याचं तोंड दाबलं!" ती रडायला लागली. आई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. कधी नव्हे त्या दोघी जावा एका बाजूला आणि बाबा एकटे, अशी या घरात पहिल्यांदाच मांडणी झाली होती.

"ओरडू नकोस," काका बायकोला म्हणाला. "मुंगे, लाव परत. खरी गती. दादाला ऐकू दे. त्याच्या मते ते झोपत होतं ना?"

"मी ऐकलंय," बाबा पुटपुटले.

"नाही ऐकलंस. बस."

धाकट्याने थोरल्याला 'बस' म्हटलं आणि थोरला बसला.

मुंगीने गाणं लावलं. बाबांचा उजवा पाय सवयीने ताल धरू लागला. ड्रमवाल्याचा पाय, तो बसल्या जागी स्वस्थ बसायचा नाही. पण तो पडत होता पळवलेल्या गतीने. टेपवरचा त्यांचाच ड्रम मागे राहत होता आणि पाय पुढे पळत होता. दोनदा त्यांनी पाय आवरला, दोनदा तो पुन्हा पुढे सुटला. शेवटी त्यांनी गुडघ्यावर हात दाबून तो धरून ठेवला. गाणं सावकाश, भरून, आपल्या चालीने पुलावर चढलं. ती ओळ आली. तरुण काकाचा आवाज जाड होता, रुंद होता, आणि त्यात जराही घाई नव्हती. असा गायक या रेकॉर्डवर आहे हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.

गाणं संपलं.

"झोपतंय?" काकाने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचीही त्यांना सोय नव्हती.

काका उठला. मफलर माइकच्या दांडीवरच राहिला होता, तो त्याने घेतला नाही. थर्मास मात्र उचलला. दाराशी गेला आणि थांबला.

"मुंगे, तुला केव्हा कळलं हे?"

खोटं बोलायला एक क्षण होता. तो तिने जाऊ दिला. "काल."

"काल," काका म्हणाला. त्याने हिशेब जुळवला, आणि तो जुळताना तिने त्याच्या चेहऱ्यावर पाहिला. "म्हणजे मघाशी मला काचेमागे उभं केलंस तेव्हा माहीत होतं. तरी आधी जुनंच लावलंस."

"काका, मी—"

"असू दे." तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. त्याने तिच्याकडे नीट पाहून घेतलं, जणू नाक, कान सगळं पहिल्यांदाच तपासत होता. "मी आपला जन्मभर सांगत फिरलो, ही माझी म्हणून. दादाचीच आहेस गं तू. अगदी दादाची."

काकूने डोळे पुसले आणि पायांत चपला सरकवल्या. आईही उठली. "मी यांच्याबरोबर जाते," ती म्हणाली, नवऱ्याला की मुलीला ते तिने सांगितलं नाही.

"आणि काका, कंपनीला कुठल्या गतीने पाठवू?" मुंगीने विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"ते तुम्ही दोघं ठरवा," काका म्हणाला. "माझा आवाज कसा असावा ते आजवर तुम्हीच ठरवलंय."

दार लागलं. जाड दार, आवाज गिळणारं, पण ते नीट बसलं नव्हतं. जिन्यातून पावलं ऐकू आली, आणि एक मजला खाली गेल्यावर कुणीतरी गुणगुणायला लागलं. 'मी पुलावर उभा आहे', खऱ्या सुरात, न अडखळता. मुंगी कान देऊन थांबली. काकू आता त्याला गप्प करील असं तिला वाटलं. काकूने केलं नाही.

मग तेही ऐकू येईनासं झालं. बाप आणि लेक खोलीत उरले. दोघं समोरासमोर होते आणि दोघंही टेपच्या चाकाकडे पाहत होते. मुंगीने नॉब आहे तिथेच ठेवला, त्यावर चिकटपट्टी लावली, आणि कंपनीला पाठवायची प्रत खऱ्या गतीने उतरवायला घेतली. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती ओळ आली तेव्हा दोघांनीही माना खाली घातल्या, अगदी एकसारख्या.